पेशीपृष्ठावरील प्रथिने आणि स्तनाच्या कर्करोगाचे पूर्वानुमान : प्रस्तावना

रोगाचे नाव निश्चित झाल्यानंतर वैद्यकासमोर दुसरा आणि पुष्कळदा अधिक अवघड प्रश्न उभा राहतो, तो रोगाच्या पुढील वाटचालीचा. भारतीय वैद्यकपरंपरेने या प्रश्नाला साध्यासाध्यविचार असे नाव दिले. चरकसंहितेत रोगांचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य असे भेद केलेले आहेत आणि चिकित्सेला हात घालण्यापूर्वी हा विचार होणे आवश्यक मानले आहे. यांपैकी ‘याप्य’ म्हणजे समूळ जात नाही, पण उपचार चालू असेतोवर आटोक्यात राहतो असा रोग. ही संकल्पना पुढे एका प्रथिनाच्या निमित्ताने पुन्हा भेटणार आहे. आधुनिक वैद्यकात याच विचाराला पूर्वानुमान म्हणतात. एखाद्या रुग्णात रोग उलटण्याची, शरीरात अन्यत्र पसरण्याची किंवा मृत्यूला कारण होण्याची शक्यता किती आणि ती कोणत्या कालावधीत, याचा पुराव्यावर आधारलेला अंदाज म्हणजे पूर्वानुमान होय. स्तनाच्या कर्करोगात या अंदाजाला विशेष महत्त्व आहे, कारण एकाच नावाखाली मोडणाऱ्या या रोगाची रूपे एकमेकांपासून फार दूरची आहेत. काही गाठी शस्त्रक्रियेनंतर वीस वर्षे परत डोके वर काढत नाहीत, तर काही दोन वर्षांच्या आत फुप्फुस, यकृत, हाडे किंवा मेंदू यांत दिसू लागतात. आणि काढतेवेळी आकाराने सारख्याच असणाऱ्या दोन गाठींपैकी कोणती कोणत्या वाटेने जाणार, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही.

हा फरक ओळखण्यासाठी गेल्या चार दशकांत संशोधकांनी पेशीच्या पृष्ठभागाकडे सातत्याने पाहिले आहे. प्रत्येक पेशीभोवती मेदद्रव्याच्या दोन थरांचे अतिशय पातळ पटल असते आणि त्यात असंख्य प्रथिने रुतलेली असतात. सिंगर आणि निकोल्सन या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये या पटलाचे जे प्रतिरूप मांडले, त्यानुसार ही प्रथिने भिंतीत बसवलेल्या विटांसारखी स्थिर नसतात. मेदाच्या द्रवसदृश थरात ती सरकतात, एकत्र येतात, विलग होतात. त्यांपैकी अनेक प्रथिने पटलाच्या आरपार गेलेली असतात, म्हणजे त्यांचे एक टोक बाहेरच्या जगात आणि दुसरे पेशीच्या अंतर्भागात असते, आणि त्यामुळे बाहेरचा निरोप आत पोहोचवण्याचे काम त्यांच्याकडे येते. अशा प्रथिनांना ग्राही म्हणतात. काही प्रथिने शेजारच्या पेशीला धरून ठेवतात, काही भोवतालच्या तंतुमय द्रव्यात पाय रोवण्यास मदत करतात, काही विकरांना, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना, पेशीच्या कडेला बांधून ठेवतात, काही विद्युतभारित कणांना आत-बाहेर जाण्याचा मार्ग देतात, तर काही प्रतिकारसंस्थेच्या पेशींना आपली ओळख पटवतात. वाढणे, चिकटून राहणे, सुटणे, वाट काढणे आणि प्रतिकाराला चुकवणे ही कर्करोगाची सारी कर्तृत्वे याच सीमेवर घडत असल्याने, त्या सीमेवरील प्रथिनांची संख्या, रूप आणि जागा पाहून रोगाचा स्वभाव ओळखता यावा, ही अपेक्षा स्वाभाविक होती. शिवाय ही प्रथिने बाहेरून गाठता येतात. प्रतिपिंड, म्हणजे विशिष्ट रेणूला नेमके ओळखून चिकटणारे प्रतिकारसंस्थेतील प्रथिन, सहसा पेशीच्या आत शिरू शकत नाही, पण पृष्ठभागाशी त्याला सरळ भिडता येते. त्यामुळे जे प्रथिन आज रोगाची खूण म्हणून मोजले जाते, तेच उद्या औषधाचे लक्ष्य होऊ शकते.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण या विषयावरील बहुतेक गैरसमज त्याच्या अभावी निर्माण होतात. ज्या मोजता येण्याजोग्या गुणावरून रोगाविषयी काही कळते त्याला या ग्रंथात चिन्हक म्हटले आहे. उपचार कोणताही असो वा नसो, रोगाची वाटचाल कशी होईल हे सांगणारे चिन्हक पूर्वानुमानदर्शक होय. अमुक औषधाचा अमुक रुग्णाला लाभ होईल की नाही हे सांगणारे चिन्हक उपचारदर्शक होय. कागदावर हे दोन प्रकार वेगळे दिसतात, परंतु प्रत्यक्षात एकच प्रथिन दोन्ही भूमिका बजावू शकते आणि नवे औषध आल्यावर त्याची पहिली भूमिका साफ उलटूही शकते.

स्तनाच्या कर्करोगाच्या पूर्वानुमानाचा इतिहास प्रथिनांपासून सुरू होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील लसीकाग्रंथी एकत्रितपणे काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, तेव्हा त्यामागे रोग स्तनातून काखेत आणि काखेतून पुढे असा क्रमाक्रमाने सरकतो ही धारणा होती. त्या दृष्टीने गाठीचा आकार आणि काखेतील ग्रंथींचा सहभाग हीच पूर्वानुमानाची मापे ठरली, आणि ती आजही टाकाऊ झालेली नाहीत. दुसरा संप्रदाय सूक्ष्मदर्शकाचा. पेशींची रचना मूळ ग्रंथीशी किती साम्य राखून आहे, केंद्रके किती विद्रूप आहेत आणि विभाजन पावणाऱ्या पेशी किती दिसतात यांवरून ब्लूम आणि रिचर्डसन यांनी १९५७ मध्ये गाठींची प्रतवारी केली, आणि पुढे इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे आकार, ग्रंथी आणि प्रत या तिहींना एका सूत्रात गुंफून पूर्वानुमानाचा निर्देशांक तयार करण्यात आला. १९७० च्या दशकात बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या चिकित्सा-चाचण्यांनी हॉल्स्टेड यांच्या धारणेला धक्का दिला. मोठी शस्त्रक्रिया केल्याने आयुष्य वाढत नाही, कारण अनेक रुग्णांत रोगपेशी निदानापूर्वीच रक्तावाटे दूर गेलेल्या असतात, असे त्यांवरून दिसले. या निष्कर्षाने पूर्वानुमानाचा केंद्रबिंदूच हलला. गाठ कुठवर पोहोचली आहे यापेक्षा ती मुळात कोणत्या स्वभावाची आहे, हा प्रश्न पुढे आला.

स्वभावाचे पहिले विश्वसनीय रासायनिक चिन्हक मात्र पृष्ठभागावरचे नव्हते. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये बीजांडकोश काढल्याने काही स्त्रियांतील स्तनाचा कर्करोग आक्रसतो असे नोंदवले होते, आणि त्यानंतर साठेक वर्षांनी शिकागो येथे एल्वूड जेन्सन यांनी त्यामागील कारण, म्हणजे इस्ट्रोजेन या संप्रेरकाला धरून ठेवणारा ग्राही, दाखवून दिला. इस्ट्रोजेन मेदविद्राव्य असल्याने पेशीपटल ओलांडून थेट आत जाते आणि त्याचा ग्राही मुख्यतः केंद्रकात असतो. विकृतिशास्त्राच्या अहवालात ईआर (इस्ट्रोजेनचा ग्राही), पीआर (प्रोजेस्टेरॉनचा ग्राही) आणि हर-२ ही तीन नावे एकाखाली एक छापलेली असल्याने तिन्ही एकाच जातीची आहेत असा समज होतो; वस्तुतः पहिली दोन केंद्रकातील आहेत आणि केवळ तिसरे पृष्ठभागावरचे आहे. पहिल्या दोहोंना वगळून या विषयाचा विचार होऊ शकत नाही, कारण पृष्ठभागावरील जवळपास प्रत्येक प्रथिनाचा अर्थ संप्रेरकग्राहींच्या संदर्भातच लावावा लागतो.

त्या तिसऱ्या प्रथिनाचा इतिहास या क्षेत्राचा कणा आहे आणि त्याचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी एमआयटीतील रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत लक्ष्मीचरण पाढी हे भारतीय संशोधक उंदरांच्या चेतासंस्थेतील गाठींमधून काढलेल्या जनुकद्रव्यावर काम करत होते. पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्यरत झाले. या जनुकद्रव्याने रूपांतरित झालेल्या पेशींवर सुमारे १,८५,००० डाल्टन रेणुभाराचे एक प्रथिन विशेषत्वाने आढळते, असे पाढी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. संबंधित जनुकाला ‘न्यू’ हे नाव मिळाले. दोन वर्षांत हे प्रथिन पेशीवाढीस चालना देणाऱ्या घटकाच्या ग्राहीचे, म्हणजे ईजीएफआरचे, नातेवाईक असल्याचे उघड झाले. १९८५ मध्ये मानवी जनुक वेगळे करण्यात आले आणि मानवी वाढघटक-ग्राही कुळातील दुसरा सदस्य म्हणून त्याला हर-२ म्हटले जाऊ लागले. हे चार भावंडांचे कुळ आहे आणि त्यात हर-२ चे वागणे निराळे आहे. बाहेरचा कोणताही निरोप्या रेणू त्याला थेट येऊन चिकटत असल्याचे आढळलेले नाही. ते सदैव जोडी जमवण्याच्या तयारीत असते आणि भावंडांशी किंवा स्वतःच्याच दुसऱ्या प्रतीशी जोडी जमली की आतील टोकाकडून विभाजनाचा संदेश सुरू करते. त्यामुळे पृष्ठभागावर त्याची गर्दी झाली की बाहेरून निरोप न येताही पेशीला वाढीचा हुकूम मिळत राहतो. निरोगी पेशीवर या प्रथिनाच्या साधारण वीस ते पन्नास हजार प्रती असतात. रोगपेशीवर त्या वीस लाखांच्या घरात जाऊ शकतात.

१९८७ मध्ये डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या १८९ गाठी तपासून त्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांत या जनुकाच्या प्रती दुपटीपासून वीसपटीहून अधिकपर्यंत वाढलेल्या असल्याचे दाखवले. अधिक महत्त्वाचे निरीक्षण असे की, काखेतील ग्रंथींत रोग पोहोचलेल्या ज्या स्त्रियांत ही वाढ होती, त्यांच्यात रोग लवकर उलटला आणि त्यांचे आयुष्य कमी भरले. नंतरच्या मोठ्या समूहांत हे प्रमाण १५ ते २० टक्क्यांवर स्थिरावले, पण अर्थ तोच राहिला: हर-२ म्हणजे वाईट पूर्वानुमान. एका पृष्ठप्रथिनावरून रोगाची वाटचाल सांगता येते, हे त्यातून प्रथमच ठामपणे सिद्ध झाले.

यापुढे जे घडले ते वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच घडते. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एकाच जातीचे, एकाच लक्ष्याला चिकटणारे प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची रीत शोधून काढली होती. त्या रीतीने न्यू-प्रथिनाविरुद्ध तयार केलेला प्रतिपिंड रोगपेशींचा उन्माद शमवतो, हे ड्रेबिन आणि ग्रीन यांनी १९८५ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले. जेनेन्टेक कंपनीत उंदराच्या प्रतिपिंडाला मानवी रूप देण्यात आले आणि सप्टेंबर १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. रोग दूरवर पसरलेल्या ४६९ स्त्रियांच्या चाचणीत केवळ रसायनोपचार घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य २०.३ महिने, तर सोबत ट्रास्टुझुमॅब घेणाऱ्यांचे २५.१ महिने भरले. हा लाभ पाच महिन्यांचाच होता, परंतु २००५ मध्ये प्राथमिक अवस्थेतील रुग्णांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले तेव्हा रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले. पुढे पर्टुझुमॅब आणि प्रतिपिंडाला विषारी रसायन जोडलेली औषधे आली. आज योग्य उपचार मिळालेल्या हर-२ युक्त प्राथमिक रोगाचे पूर्वानुमान वाईट म्हणता येत नाही. आणि रोग पसरलेला असतानाही औषधाच्या आधारे अनेक वर्षे तो आटोक्यात ठेवलेल्या स्त्रिया पाहिल्या की चरकसंहितेतील ‘याप्य’ हा शब्द नेमका वाटू लागतो.

प्रस्तुत ग्रंथाची मध्यवर्ती भूमिका या इतिहासातून निघते. प्रथिन तेच राहिले, त्याचा स्वभावही तोच राहिला, परंतु त्याचे भाकीत उलटले, कारण उपचार बदलला. तेव्हा पूर्वानुमान हा प्रथिनाच्या अंगी असलेला गुण मानता येत नाही. प्रथिन, त्याचे मोजमाप आणि रुग्णाच्या आवाक्यातील उपचार या तिहींच्या संबंधातून ते आकार घेते. ज्या स्त्रीला औषध मिळू शकत नाही, तिच्यासाठी हर-२ चा अर्थ आजही १९८७ सालचाच आहे. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांच्या तक्त्यांत दिसत नाही आणि म्हणून ती येथे आग्रहाने मांडली आहे.

मोजमापाचा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, पण या क्षेत्रातील अर्धे वाद त्याच्याभोवतीच फिरतात. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून, पॅराफिनच्या मेणात बसवून, त्याचे काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचे काप काढतात; त्यांवर प्रतिपिंड टाकून, तो जेथे चिकटला असेल तेथे तपकिरी रंग उमटवतात. या पद्धतीला प्रतिपिंड-रंजन किंवा रुग्णालयीन भाषेत आयएचसी म्हणतात. हर-२ साठी शून्य, एक, दोन आणि तीन अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. दहा टक्क्यांहून अधिक रोगपेशींच्या कडेवर पूर्ण आणि गडद वलय दिसले तर तीन, म्हणजे निश्चित होकार. दोन ही संदिग्ध पायरी असून तेथे जनुकाच्या प्रती प्रकाशमान खुणांनी थेट मोजणारी फिश ही चाचणी करावी लागते. तपकिरी रंगाच्या गडदपणाविषयी दोन अनुभवी विकृतिशास्त्रज्ञांचे मत भिन्न होऊ शकते, ही मानवी मर्यादा समजण्यासारखी आहे. परंतु त्याआधीच बरेच काही बिघडू शकते. काढलेला तुकडा तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे आणि तेथे तो किमान सहा व कमाल बहात्तर तास राहिला पाहिजे. तो कोरडा पडून राहिला, नुसत्या सलाइनमध्ये ठेवला गेला किंवा मोठी गाठ न कापता लहानशा बरणीत कोंबली गेली, तर प्रथिन झिजते आणि असलेले नसल्यासारखे दिसते. अमेरिकेत २००७ साली पहिली राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली तेव्हा तेथील हर-२ चाचण्यांपैकी सुमारे एक-पंचमांश चुकीच्या असाव्यात असा अंदाज होता. महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया होते आणि नातेवाईक ‘ब्लॉक आणि स्लाइड’ पिशवीत घालून मुंबई, पुणे किंवा नागपूर गाठतात; त्या ब्लॉकमधील प्रथिनाचे भवितव्य मात्र पहिल्या तासातच ठरून गेलेले असते. या पहिल्या तासाविषयीचे प्रकरण ग्रंथात अपेक्षेपेक्षा लांबले आहे आणि ते तसेच असणे योग्य आहे.

याच प्रश्नाला २०२२ पासून नवे वळण मिळाले आहे. रसायनवाही प्रतिपिंडांपैकी ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान हे औषध एक किंवा संदिग्ध दोन या पायरीवरील गाठींतही उपयोगी पडते, असे त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. तोवर ज्यांना सरसकट ‘निगेटिव्ह’ म्हटले जाई त्यांच्यातील मोठा गट त्यामुळे ‘अल्प-हर-२’ या नव्या नावाने ओळखला जाऊ लागला. शून्य आणि एक यांतील भेद पूर्वी कोणालाही महत्त्वाचा नव्हता, त्यामुळे तो काटेकोरपणे करण्याची सवयही नव्हती. त्या चाचणीनंतर त्याच भेदावर औषध अवलंबून राहू लागले.

हर-२ च्या यशामुळे झाकोळला गेलेला, पण वैज्ञानिकदृष्ट्या तितकाच बळकट असा एक संप्रदाय युरोपात वाढला. भोवतालचे तंतुमय द्रव्य विरघळवून वाट काढण्यासाठी रोगपेशी युरोकायनेज, म्हणजे यूपीए, नावाचे विकर वापरते; हे विकर पेशीपृष्ठावरील आपल्या ग्राहीला बांधलेले असते, त्यामुळे पोखरण्याचे हत्यार नेमके पेशीच्या पुढच्या कडेला येते. या विकराची पातळी अधिक असलेल्या गाठी अधिक पसरतात, हे अपेक्षेप्रमाणेच होते. आश्चर्याची गोष्ट ही की, त्याला रोखणाऱ्या पीएआय-१ या प्रथिनाची पातळी अधिक असली तरीही पूर्वानुमान वाईटच निघते. रोधक वाढला तर रोग मंदावा, हा सरळ तर्क येथे लागू पडत नाही, कारण हा रोधक पेशीचा चिकटलेला पाय सोडवण्यास आणि नव्या रक्तवाहिन्या उभारण्यासही मदत करतो. २००२ मध्ये अनेक युरोपीय केंद्रांतील ८,३७७ रुग्णांची माहिती एकत्र करून या जोडीचे पूर्वानुमानमूल्य प्रस्थापित करण्यात आले आणि इतका भक्कम पुरावा फार थोड्या चिन्हकांच्या वाट्याला आला आहे. तरीही ही चाचणी जगभर रुजली नाही, कारण तिला ताजी, गोठवलेली ऊती लागते आणि बहुतेक रुग्णालयांत गाठ फॉर्मॅलिनमध्येच जाते. चांगल्या चिन्हकाला नुसते खरे असून भागत नाही, हे या उदाहरणाइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते, आणि म्हणून ग्रंथात त्याला त्याच्या प्रचलित वापराच्या मानाने अधिक जागा दिली आहे.

पेशींना पेशींशी बांधणारी प्रथिने हा आणखी एक विस्तृत प्रदेश. ई-कॅडहेरिन हे प्रथिन शेजारच्या पेशींना एकमेकींशी शिवून ठेवते. स्तनाच्या कर्करोगाच्या लोब्युलर प्रकारात ते नाहीसे होते आणि रोगपेशी एकेरी रांगांनी ऊतीत पसरतात, त्यामुळे गाठ हाताला आणि मॅमोग्राफीलाही चकवा देते. सीडी-४४ हे भोवतालच्या हायलुरोनन या द्रव्याला धरणारे प्रथिन २००३ मध्ये प्रकाशझोतात आले. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी असे दाखवले की, सीडी-४४ भरपूर आणि सीडी-२४ हे दुसरे पृष्ठप्रथिन अत्यल्प असणाऱ्या अवघ्या शंभरेक पेशी उंदरात नवी गाठ निर्माण करू शकतात, तर अन्य प्रकारच्या हजारो पेशींना ते जमत नाही. या पेशी म्हणजे कर्करोगाचे बीज, असा सिद्धान्त त्यातून उभा राहिला आणि त्याने एक पिढीभर संशोधकांना भारून टाकले. परंतु रुग्णांच्या गाठींत अशा पेशींचे प्रमाण मोजून पूर्वानुमान सांगण्याचे प्रयत्न एकमेकांशी जुळले नाहीत. जीवशास्त्रीय महत्त्व आणि पूर्वानुमानमूल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्यावरून दुसरी गृहीत धरण्याचा मोह या क्षेत्रात वारंवार झालेला दिसतो.

रक्तातील रोगपेशींची कथा वेगळी आहे. एपकॅम या पृष्ठप्रथिनाला चिकटणारे चुंबकीय कण वापरून रक्तात भटकणाऱ्या पेशी वेचता येतात. रोग पसरलेल्या १७७ स्त्रियांच्या २००४ मधील अभ्यासात साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा अधिक पेशी सापडणाऱ्यांचे आयुष्य लक्षणीय कमी भरल्याचे आढळले आणि हे निरीक्षण पुढेही टिकले. मात्र पेशींची संख्या उतरली नाही म्हणून रसायनोपचार लवकर बदलल्याने आयुष्य वाढते का, हे तपासणाऱ्या चाचणीचे २०१४ मधील उत्तर नकारार्थी आले. भाकीत अचूक होते, पण त्यावर करण्याजोगे चांगले काही हाताशी नव्हते. म्यूक-१ या पृष्ठप्रथिनाचा रक्तात सुटून येणारा अंश सीए १५-३ या नावाने मोजतात; पसरलेल्या रोगावर लक्ष ठेवण्यास त्याची मदत होते, परंतु निरोगी स्त्रियांत रोग शोधण्यासाठी तो उपयोगी नाही, आणि तपासण्यांच्या जाहिराती वाचणाऱ्या वाचकाला हे ठाऊक असणे हिताचे आहे.

२००० साली चार्ल्स पेरू आणि सहकाऱ्यांनी हजारो जनुकांची क्रियाशीलता एकाच वेळी मोजून स्तनाच्या कर्करोगाचे अंगभूत उपप्रकार दाखवले, आणि त्यानंतर सत्तर किंवा एकवीस जनुकांच्या संचांवरून पूर्वानुमान सांगणाऱ्या चाचण्या बाजारात आल्या. एकेका प्रथिनाचा काळ संपला, असे तेव्हा अनेकांना वाटले. तसे झाले नाही, याचे कारण औषध प्रथिनाला चिकटते, जनुकांच्या संचाला चिकटत नाही. संप्रेरकग्राही आणि हर-२ हे तिन्ही ज्यात नाहीत अशा त्रि-निगेटिव्ह रोगात तर गेल्या काही वर्षांत पृष्ठप्रथिनांनीच दारे उघडली आहेत: प्रतिकारपेशींना थोपवणारे पीडी-एल-१, आणि ट्रॉप-२, ज्याच्यावर रोख धरणाऱ्या सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकान या औषधाला २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पीडी-एल-१ च्या बाबतीत दोन कंपन्यांचे दोन प्रतिपिंड आणि गणनेच्या दोन रीती एकाच गाठीविषयी वेगळी उत्तरे देऊ शकतात. मोजमापाचा जुना प्रश्न येथे नव्या वेशात परत आलेला आहे.

या विषयाची मराठीत आज गरज का आहे, याचे उत्तर आकड्यांत आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजांनुसार भारतात त्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. मुंबईत १९६३ पासून चालू असलेल्या देशातील पहिल्या लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणीने आणि १९८७ पासून बार्शी येथे चालणाऱ्या पहिल्या ग्रामीण नोंदणीने या रोगाचा चढता आलेख दशकानुदशके टिपला आहे. भारतीय स्त्रियांत हा रोग पाश्चात्त्य स्त्रियांच्या तुलनेत लहान वयात दिसतो आणि त्रि-निगेटिव्ह प्रकाराचे प्रमाण एकत्रित आढाव्यांत तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य देशांच्या जवळपास दुप्पट आढळते. हे सर्वस्वी जीवशास्त्रीय वेगळेपण आहे की त्यात वयोरचनेचा आणि सदोष चाचण्यांचाही वाटा आहे, हा प्रश्न खुला आहे. नमुना नीट न मुरवल्यामुळे तिन्ही प्रथिने नाहीशी दिसली, तरीही गाठ त्रि-निगेटिव्हच ठरते. दुसरीकडे ट्रास्टुझुमॅबची बेंगळुरूच्या एका कंपनीने तयार केलेली समरूप आवृत्ती २०१३ च्या अखेरीस भारतात मान्य झाली, त्याच कंपनीच्या आवृत्तीला २०१७ मध्ये अमेरिकेनेही स्वीकारले आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच हे औषध अत्यावश्यक यादीत घेतले. हर-२ च्या भाकिताचा तिसरा घटक, म्हणजे आवाक्यातील उपचार, अशा रीतीने हळूहळू का होईना, बदलत आहे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या नेतृत्वाखाली देशातील अकरा केंद्रांत सुमारे सोळाशे स्त्रियांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा उल्लेख येथे अटळ आहे. शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन हे साधे, स्वस्त भूलद्रव्य टोचल्याने पाच वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेले. लिडोकेन पेशीपृष्ठावरील सोडियम-मार्ग बंद करते आणि हे मार्ग रोगपेशींच्या हालचालीत भाग घेतात, असे त्यामागील गृहीतक आहे. ते अद्याप पूर्णतः सिद्ध झालेले नाही, परंतु पृष्ठप्रथिनांच्या विचारातून निघणारा उपचार महागच असला पाहिजे असे नाही, हे या कामाने दाखवले.

प्रस्तुत ग्रंथ विकृतिशास्त्र आणि कर्करोगशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी, जिल्हा आणि तालुका पातळीवर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि स्वतःच्या किंवा घरच्या स्त्रीच्या आजारामुळे या विषयाकडे ओढल्या गेलेल्या वाचकांसाठी लिहिलेला आहे. सर्व ज्ञात प्रथिनांची जंत्री देण्याचा त्यात प्रयत्न नाही. तशी जंत्री छपाईला जाईपर्यंत जुनी होते. त्याऐवजी एखादे प्रथिन चिन्हक म्हणून मान्य होण्यासाठी कोणत्या कसोट्यांतून जाते आणि बहुसंख्य प्रथिने कोणत्या कसोटीवर अडतात, याचा शोध मोजक्या उदाहरणांतून घेतला आहे. चिन्हकांवरील अभ्यास कसे नोंदवावेत याची आंतरराष्ट्रीय शिस्त २००५ मध्ये घालून देण्यात आली. तिच्या आधीचे आणि नंतरचेही कित्येक शोधनिबंध लहान समूहांवर, सोयीस्कर सीमारेषा निवडून लिहिलेले आहेत, आणि अशा निबंधांवरून काढलेले निष्कर्ष ग्रंथात जाणीवपूर्वक गाळले आहेत. त्यामुळे काही प्रसिद्ध नावे वाचकाला येथे सापडणार नाहीत.

परिभाषेविषयी थोडे. ग्राही, प्रतिपिंड, विकर, ऊती हे मराठीत रुळलेले शब्द वापरले आहेत. प्रथिनांची संक्षेपनामे मात्र अहवालात जशी उच्चारली जातात तशीच ठेवली आहेत. ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ हे शब्दही बदललेले नाहीत, जरी ते घरोघरी चुकीच्या भीतीचे कारण होतात. पॉझिटिव्ह म्हणजे रोग निघाला, ही अन्य तपासण्यांवरून झालेली समजूत येथे लागू होत नाही: ईआर पॉझिटिव्ह म्हणजे गोळ्यांनी रोखता येण्याजोगा रोग, हर-२ पॉझिटिव्ह म्हणजे ज्यावर नेमके औषध आहे असा रोग, आणि तिन्ही निगेटिव्ह हा दिलासा देणारा निष्कर्ष नव्हे. या शब्दांना मराठी पर्याय देणे शक्य होते, पण रुग्णाच्या हाती येणाऱ्या कागदावर ते पर्याय नसतात, आणि हा ग्रंथ तो कागद शेजारी ठेवून वाचता यावा अशी योजना आहे.